ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

हल्ली कुठल्याही पक्षाचा पुढारी भाषणाला उभा राहिला, की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘माझ्या बहिणींनो’! पूर्वी सभेत बायकांना पुढच्या रांगेत बसवायचे ते फोटो चांगला यावा म्हणून. आता बाई म्हणजे मतांचा हिशेब झाला आहे. जून २०२४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास दोन महिन्यांचे तीन हजार रुपये एकदम खात्यात आले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. त्या प्रचारात एका बाजूने महिना २१०० रुपयांचं आश्वासन होतं, तर दुसऱ्या बाजूने ३००० रुपयांचं. बहिणीचा भाव असा चढत गेला!

आधीच सांगते, मी या पैशांना नावं ठेवणाऱ्यांतली नाही. ‘फुकटची सवय लागते’ असं म्हणणारे बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतात. आमच्या बचत गटातल्या एका बाईने पहिल्या हप्त्यातून स्वतःला चष्मा केला. सुईत दोरा ओवायला ती कित्येक वर्षं शेजारच्या पोरीला हाक मारत होती. घरात कुणी नको म्हटलं नव्हतं, पण बाईच्या चष्म्याची पाळी कधी येतच नव्हती. दीड हजार रुपयांनी ती आली. तेव्हा पैसे द्या, जरूर द्या. माझं भांडण आहे ते पैशांच्या पेटीला लावलेल्या कुलपाशी.

हे कुलूप म्हणजे ओटीपी. मोबाइलवर येणारे ते सहा आकडे. आज बाईचं अनुदान, पोषण आहार, दवाखान्याचं कार्ड, सगळं या सहा आकड्यांपाशी येऊन थांबतं. आणि आपण विचारायचा प्रश्न साधा आहे : ते आकडे येतात कुणाच्या फोनवर?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. तपासणी करायला माझी हरकत नाही. या योजनेचे पैसे चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी उचलल्याच्या बातम्या जुलै २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या. बहिणीची ओवाळणी भावानेच खिशात घालावी, याला काय म्हणायचं? त्यांना पकडायलाच हवं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. बाईने आपला आधार नंबर द्यायचा, आपला ओटीपी द्यायचा, एवढ्यावर भागलं नाही. लग्न झालं असेल तर नवऱ्याचा आणि नसेल तर वडिलांचा आधार नंबर द्यायचा. त्यांच्या फोनवर ओटीपी जाणार, तो आणून भरायचा. उत्पन्न कुटुंबाचं मोजायचं म्हणून हे, असं सांगितलं गेलं. ठीक आहे. पण ज्यांना नवरा आहे आणि नाहीही, त्यांनी काय करायचं?

योजनेच्या अटी काढून बघा. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, सगळ्यांना तीत जागा दिली आहे. म्हणजे नवऱ्याने टाकलेली बाई पात्र आहे, हे सरकारनेच लिहून ठेवलं. आणि त्याच बाईला म्हटलं, नवऱ्याचा ओटीपी आण! विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा कागद असतो. असे कागद अंगणवाडी सेविकेकडे जमा करायची सोय नंतर झाली, मूळची १८ नोव्हेंबरची मुदतही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. पण परित्यक्तेकडे कुठला कागद? नवरा सोडून जाताना काही लेखी देऊन जात नाही. माझ्या माहितीतल्या एकीचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, दुसरा संसार मांडून बसला. ती धुणीभांडी करून दोन मुलं शिकवते. ‘‘ताई, ज्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली, त्याला फोन करून आकडे मागू का?’’ असं तिने मला विचारलं. आहे का उत्तर कुणाकडे?

बरं, हे सुचण्यासारखं नव्हतं असंही नाही. पहिलटकरणीला पाच हजार रुपये देणारी केंद्राची मातृवंदना योजना २०१७ मध्ये आली तेव्हा तिच्यातही नवऱ्याचा आधार मागत. एकट्या आणि टाकलेल्या आयांची अडचण होते, हे लक्षात आल्यावर २०२२ च्या नव्या नियमांत ती सक्ती काढली. एका योजनेतून काढलेला काटा तीन वर्षांनी दुसऱ्या योजनेत पुन्हा का रुतावा?

आता आरोग्याकडे वळू, कारण तिथे दीड हजारांपेक्षा मोठं काही पणाला लागलेलं असतं. अंगणवाडीतून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना घरी न्यायचा आहार मिळतो. त्याची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या अॅपवर होते. हे अॅप २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतं? फोन सतत अडकायचा आणि अॅप इंग्रजीत! ज्यांनी ते वापरायचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे १ जुलै २०२५ पासून आहार देताना चेहरा ओळखण्याची पद्धत देशभर सक्तीची झाली. आधी आधारची ई-केवायसी, तिला ओटीपी. मग पाकीट देताना बाईचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, कॉलेजातला. समोर उभी आहे ती सातव्या महिन्यातली, चेहरा सुजलेली, डोळे ओढलेली बाई. यंत्र म्हणतं, ही ती नव्हे. सेविका तिला रोज बघते, तिच्या सासूलाही ओळखते. पण सेविकेच्या शब्दाला किंमत नाही, फोनच्या शब्दाला आहे! आणि नेटवर्क नसेल तर फोनलाही वाचा नाही.

यात चोरी पकडली जाते, असं म्हणतात. पकडा ना. पण आधी पोटोबा, मग विठोबा. पाकीट आज द्या, पडताळणी उद्या करा.

दोन आकडे सांगते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आणि त्याच पाहणीत, स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असं सांगणाऱ्या बायका शंभरात साधारण ५५. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना आहाराची, गोळ्यांची, दवाखान्याची गरज. आणि जवळपास निम्म्या जणींच्या हातात फोन नाही. आता फोन थोडे वाढले असतील. पण सगळ्यात गरजू बाई आणि फोन नसलेली बाई बहुतेक वेळा एकच असते, हे वस्तीत फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

‘घरात फोन आहे की!’ असं लगेच म्हटलं जातं. आहे ना. पण तो नवऱ्यासोबत कामावर जातो. तो कंपनीत शिफ्टवर असेल तर फोन लॉकरमध्ये. गाडीवर असेल तर रेंजच्या बाहेर. ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो, भाकरीसारखा दुसऱ्या दिवशी खाता येत नाही. नवरा वाईट असायलाच हवा असं नाही हं! चांगला नवराही अकरा वाजता फोन उचलू शकत नाही. आणि वाईट असेल तर मग काय, ‘आकडे सांगतो, पण निम्मे पैसे दे.’ बाईचा स्वतःचा नंबर चालू ठेवायचा तर रिचार्ज हवं. ज्या जुलै २०२४ पासून योजना लागू झाली, त्याच महिन्यात मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. एका हाताने आलेलं दुसऱ्या हाताने गेलं.

गंमत बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख केली. मार्च २०२४ मध्ये सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचा निर्णय आपल्या राज्याने घेतला. दोन्ही गोष्टी छानच. पण कागदावर नाव बाईचं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर बापाचा, असं असेल तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

म्हणून सरकारकडे मागणं आहे ते असं. परित्यक्तेसाठी अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांनी मिळून दिलेला दाखला पुरेसा माना. यंत्र चाललं नाही म्हणून कुठल्याही गरोदर बाईला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. वहीत सही घ्या आणि आहार द्या. आणि आधारला बाईचा स्वतःचा नंबर जोडायची शिबिरं अंगणवाडीतच भरवा, तालुक्याला हेलपाटे घालायला लावू नका. मतदान केंद्र दाराशी आणता येतं, तर हे का नाही?

आणि मैत्रिणींनो, सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही. आपल्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे, हे आजच विचारून घ्या. दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो, तिथे बोटांचे ठसे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं शुल्क ७५ रुपये झालं, त्यावर कुणी जास्त मागितले तर पावती मागा. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतं, तेव्हा ते खातं कुठलं हेही बँकेत विचारा; कित्येकींचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात. आणि ओटीपी कुणाला फोनवर सांगायचा नाही, अगदी ‘मी साहेब बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे तर आपण दरवर्षी लुटतो. आता एखाद्या वर्षी गल्लीतल्या दहा जणींनी मिळून वेगळं वाण लुटू या. ज्यांच्याकडे ७५ रुपये नाहीत त्यांचे आपण भरू, ज्यांना केंद्रावर जायची भीती वाटते त्यांच्यासोबत आपण जाऊ. त्या दहा जणींत विधवा असू दे, टाकलेली असू दे, सगळ्यांना घ्या. पुढारी आपल्याला बहीण म्हणतात ते पाच वर्षांतून एकदा. आपल्याला एकमेकींच्या बहिणी व्हायला निवडणूक कशाला हवी?