फोर बाय फोर गाडी : पेट्रोलची की डिझेलची?



भोर गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. तो स्वतः आता शिक्षक आहे. त्याची म्हातारी आई मात्र गावात राहायला तयार नाही. ती भोरच्या पश्चिमेला बारा किलोमीटरवर, डोंगरातल्या वाडीत राहते. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे, आणि तिकडचा पाऊस कसा असतो हे मी सांगायला नको. मागच्या श्रावणात आजी तापाने फणफणल्या, जीप रस्त्याच्या तोंडाशीच रुतली, आणि चौघांनी त्यांना झोळीत घालून खाली आणले. तेव्हापासून घरात एकच विषय आहे. चारही चाकांना ताकद मिळणारी, म्हणजे ज्याला आपण 'फोर बाय फोर' म्हणतो, तशी गाडी घ्यायची. पण पेट्रोलची की डिझेलची?

काका म्हणाले, "डोंगरात डिझेलच." मामा म्हणाले, "आता डिझेल कोण घेतो?" शेवटी नववीतल्या नातवाने मला फोन केला आणि विचारले, "आजोबा, विज्ञान काय म्हणते?"

मी लगेच उत्तर दिले नाही, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि मी ऐटीत डिझेल सांगून मोकळा झालो होतो. त्यांना त्या सल्ल्याची किंमत रोख मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईलच.

आधी दोन्ही इंजिनांत फरक काय तो पाहू. सायकलला हवा भरून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. तो गरम लागतो. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सगळे मर्म याच गोष्टीत आहे. त्याच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या नुसती हवा दाबतो, आणि ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या भागाइतकी दाबतो. हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. ठिणगीची गरजच नाही. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने या इंजिनाचे पेटंट १८९३ साली मिळवले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ते यशस्वीपणे चालवून दाखवले.

पेट्रोल इंजिनात बहुधा इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते. ते फार दाबले तर वेळेआधीच भडकते आणि इंजिन 'ठोकू' लागते. म्हणून मिश्रण दहा-अकरा पटींपर्यंतच दाबायचे आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी टाकायची. जास्त दाबलेला वायू पेटल्यावर जास्त प्रसरण पावतो आणि उष्णतेचा अधिक भाग कामाला लावतो. डिझेल काटकसरी असते त्याचे हे एक कारण झाले.

दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. पेट्रोल गाडीत तुम्ही पाय उचलता तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप मिटते आणि दट्ट्याला जवळजवळ बंद नळीतून हवा ओढावी लागते. नाकपुडी दाबून धावण्यासारखा हा प्रकार आहे. डिझेल इंजिन हवा पोटभर घेते आणि फक्त इंधन कमी-जास्त करते, त्यामुळे ही ओढाताण त्याला नाही. मात्र हाच तोटा उतारावर उपयोगी पडतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये पेट्रोल गाडीचे इंजिन त्या ओढाताणीमुळेच गाडीला मागे धरून ठेवते. (उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना एवढे जरूर सांगा.)

तिसरे कारण तर अगदी साधे आहे. डिझेल जड असते. एक लीटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. आपल्याकडे २०२५ सालापासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या लीटरमध्ये २१ मेगाज्यूलच ऊर्जा असते. तेव्हा त्या मिश्रणाचा हिशेब तुम्हीच करून पाहा. उत्तर ३० च्या जवळ आले पाहिजे. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना या इथेनॉलचा आधार झाला हे खरे, पण टाकीत लीटर मोजले जातात, ज्यूल नाही, हेही तितकेच खरे.

चिखलाला इंधन कळत नाही

आता काकांचे म्हणणे तपासू. "डोंगरात डिझेलच" या म्हणण्यामागे अनुभव आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही जोर देते. हा फिरवण्याचा जोर म्हणजे टॉर्क. चढावर गाडी गचके न देता वर निघते ती त्याच्या बळावर.

पण वाडीच्या चिखलात नेमका किती जोर लागतो? गणित करू. गाडीचे वजन माणसांसकट १७०० किलो धरा. चिखलात टायर आणि जमीन यांच्यातला घर्षणांक ०.३ धरा. गाडीला जमिनीकडून जास्तीत जास्त किती ढकल मिळेल? ०.३ × १७०० × ९.८, म्हणजे सुमारे ५००० न्यूटन. हे झाले चारही चाके ओढत असतील तर. दोनच चाके ओढत असतील तर त्यांच्यावर निम्मेच वजन आहे, म्हणून २५०० न्यूटन.

वाडीचा चढ पाच मीटरला एक मीटर आहे असे समजा. गुरुत्वाकर्षण गाडीला मागे ओढते ते १७०० × ९.८ × ०.२, म्हणजे सुमारे ३३०० न्यूटनने. आता पाहा. दोन चाकांची गाडी २५०० न्यूटनच्या पलीकडे ढकलूच शकत नाही. ती रुतणार. चारही चाके चालली तर ५००० मिळतात, आणि चिखलाचा विरोध जमेस धरूनही गाडी निघते. आजींना झोळीतून का यावे लागले याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यात पेट्रोल-डिझेलचा कुठे संबंध आला का?

तरी शंका राहील की पेट्रोल इंजिनाला तो ५००० न्यूटनचा जोर झेपेल का? चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाकांपाशी ५००० × ०.३५, म्हणजे १७५० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. त्याहून जास्त दिला तर चाके जागच्या जागी फिरून खड्डा करतील, एवढेच. लहानशा पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १३० न्यूटन-मीटर धरू. पहिला गिअर तो चौपट करतो, डिफरन्शिअल आणखी चौपट करतो. झाले १३० × १६, म्हणजे २०८०. शिवाय खऱ्याखुऱ्या फोर बाय फोर गाडीत आणखी एक दांडी असते, 'लो' असे लिहिलेली. ती टाकली की वेग घटतो आणि टॉर्क आणखी दोन-अडीच पट होतो. घर्षणात काही जोर वाया जातो, तरीही हवा त्याच्या दुपटीहून जास्त जोर हाताशी उरतो. चिखलात मर्यादा येते ती टायरच्या पकडीची. इंजिनाच्या जोराची नव्हे.

काकांचा अनुभव खोटा नाही, तो जुना आहे. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आलेली विलिस जीप पेट्रोलचीच होती. पुढे खेडोपाडी डिझेलच्या जीप पसरल्या, त्याला डोंगरापेक्षा दर अधिक कारणीभूत होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि ही दरी बरीचशी बुजली. शिवाय आता पुष्कळ पेट्रोल गाड्यांत टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, त्यामुळे कमी फेऱ्यांतही चांगला टॉर्क मिळतो.

मेहुण्यांची गाडी

आता माझी चूक. मेहुणे पुण्यात राहतात. कचेरी घरापासून चार किलोमीटर. वर्षातून दोनदा कोकण. मी म्हटले, "फोर बाय फोर ना? मग डिझेल घ्या." वर्षभरात गाडीच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागू लागला. गॅरेजवाल्याने सांगितले, "साहेब, फिल्टर चोंदला."

हा फिल्टर काय असतो? डिझेलचा फवारा हवेत सगळीकडे सारखा मिसळत नाही. जिथे हवा अपुरी पडते तिथे काजळी तयार होते. जुन्या ट्रकच्या मागचा काळा धूर तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० होते ते १० वर आले, आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी बारीक भोकांची जाळी बसली. ही जाळी भरली की ती स्वतःच स्वतःला साफ करते, म्हणजे काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जावे लागते आणि काही वेळ तिथे टिकावे लागते. हमरस्त्यावर वीसेक मिनिटे एका वेगात गाडी गेली की हे काम होते. चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ते कधी व्हायचे? मेहुण्यांचे इंजिन पुरते तापायच्या आतच कचेरी यायची. बिल बरेच मोठे झाले. ते मला काही बोलले नाहीत, बहीण मात्र बोलली.

म्हणून भोरच्या मुलाला मी उत्तराऐवजी काम दिले. "एक महिना वहीत लिही. घरातले कोण, कुठे, किती किलोमीटर गेले. नवी गाडी असती तर ती कुठे कुठे गेली असती ते मांड."

त्याने महिन्याचा हिशेब पाठवला. वडिलांची शाळा सात किलोमीटर, जाऊन-येऊन २५ दिवस, ३५० किलोमीटर. वाडीच्या आठ खेपा, १९२ किलोमीटर. आजींना तपासणीसाठी दोनदा पुण्याला, २२० किलोमीटर. एकूण ७६२.

मग आम्ही काही आकडे धरले. डिझेलची गाडी दीड लाखाने महाग. पेट्रोल १०५ रुपये लीटर आणि ॲव्हरेज १०. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज १३. म्हणजे किलोमीटरला साडेदहा रुपये आणि सात रुपये. साडेतीन रुपयांची बचत. दीड लाख वसूल व्हायला सुमारे ४२,८५० किलोमीटर गाडी चालली पाहिजे. तुमच्या गावचे दर आणि तुमच्या मनातल्या गाडीचे आकडे घालून हाच भागाकार करून पाहा. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणाऱ्याला दोन वर्षांत डिझेल परवडते. भोरच्या घराला लागतात पावणेपाच वर्षे.

धुराचा हिशेबही मुलाने केला होता. एक लीटर डिझेल जळून सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो. म्हणजे डिझेल वाईट? थांबा, ॲव्हरेजने भागा. किलोमीटरला डिझेलचा २०४ ग्रॅम, पेट्रोलचा २३०. इथे डिझेल सरस ठरते. उलट नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी भारत स्टेज ६ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅमची मुभा आहे, पेट्रोलला ६०. एका मापाने एक बरी, दुसऱ्या मापाने दुसरी.

मला वाटले आता पारडे समसमान राहणार. गाडी पंधरा वर्षे ठेवायची असेल तर डिझेलही चालेल, कारण पुण्याच्या दोन खेपांत जाळी साफ होईल. पण मुलाने वहीच्या खाली एक ओळ लिहिली होती : 'बाबांकडे मोटरसायकल आहे. एक माणूस शाळेत न्यायला दीड टनाची गाडी कशाला?'

शाळेच्या खेपा काढून टाकल्या. उरले महिन्याला ४१२ किलोमीटर. आता दीड लाख वसूल व्हायला साडेआठ वर्षांहून जास्त लागणार. गाडी दिवसच्या दिवस दारात उभी राहणार, आणि वाडीला जाईल तेव्हा खालच्या गिअरमध्ये हळूहळू जाणार. त्यांनी पेट्रोलची गाडी नोंदवली, 'लो' दांडीवाली. वाचलेल्या पैशांतून चिखलाचे खोल नक्षीचे टायर घ्यायचे ठरले आहे. वरचे गणित पाहिलेत तर ते का, हे लक्षात येईल.

मेहुण्यांनी डिझेल गाडी विकली नाही. आता ते दर पंधरा दिवसांनी रविवारी पहाटे खंबाटकी घाटापर्यंत जाऊन परत येतात. जाळीसाठी जातो म्हणतात. येताना कधी कधी मलाही घेऊन जातात.

आजींना मुलाने सगळे समजावून सांगितले, टॉर्क आणि मेगाज्यूलसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "दारापर्यंत येईल ना रे?"