अगोरात, मोजपट्टी घेऊन

सकाळी सहा

सप्टेंबर लागला तरी अथेन्सचं ऊन उतरलेलं नाही. अकराच्या पुढे उघड्यावरच्या संगमरवरावर हात टेकवत नाही, म्हणून आमचे मैदानी तास आठलाच सुरू होतात आणि मी सहाला उठते. पँग्राटी भागात चौथ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. घरमालकीणबाई माझ्याआधी उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत असतात. त्या कुंड्यांत बारीक पानांची, तुळशीच्या कुळातली झुडपं आहेत. जाता-येता हात फिरवून वास घ्यायची इथे पद्धत आहे. आता मीही घेते. बाई 'कालिमेरा, पेदी मू' म्हणतात, म्हणजे 'सुप्रभात, लेकरा'. माझं ग्रीक अजून एवढ्यावरच आलंय, पण दिवसाची सुरुवात त्यानं छान होते.

कोपऱ्यावरच्या बेकरीत कुलुरी घेते. तिळात घोळवलेली पावाची ही कडी चालता चालता संपते.

सात

सरांनी पहिल्या आठवड्यात मेट्रो घ्यायची नाही, असं सांगून ठेवलंय. शहर आधी पायांना कळू दे, म्हणाले. त्यामुळे घरापासून अगोरापर्यंत चालत जायचं. वाटेत पेंटेली डोंगराच्या संगमरवराचं ते पांढरं स्टेडियम लागतं. 1896 चं पहिलं आधुनिक ऑलिंपिक तिथे झालं. पुढे झापियोची बाग, सम्राट हेड्रियनची कमान आणि मग अॅक्रोपोलिसच्या दक्षिण पायथ्याचा दगडी रस्ता. वाहनं नसल्यानं या वेळी तिथे फक्त पळणारे लोक आणि कुत्री असतात. टेकडीला वळसा घालून उत्तर बाजूला उतरलं की खाली झाडीत प्राचीन अगोरा, म्हणजे शहराचा जुना चौक, दिसतो.

पुण्यात एम.ए. करताना या जागेचा नकाशा मी पाठ केला होता. नकाशात अगोरा अवाढव्य वाटायचा. न्यायालयं, सभागृह, देवळं, टांकसाळ, पुतळे, बाजार, शिवाय लोकशाहीचा सगळा इतिहास म्हणजे मैलभर तरी पसारा असणार, असं डोक्यात बसलेलं. प्रत्यक्षात हे सगळं एका नजरेत मावतं.

आठ

फाटकाशी सर प्रत्येक जोडीला तीस मीटरची मोजपट्टी, आलेख-कागद आणि दोन पेन्सिली देतात. माझी जोडीदार ब्राझीलची आहे. तिला लॅटिन उत्तम येतं, मला थोडं प्राकृत, आणि ग्रीकच्या बाबतीत दोघी सारख्याच. आजचं काम असं की ठरलेल्या वास्तूंमधली अंतरं मोजायची आणि संध्याकाळी त्यावर बोलायचं.

आत शिरताना सर एक गोष्ट सांगतात आणि ती मला महत्त्वाची वाटते. 1931 मध्ये अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीजनं इथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा हा मोकळा माळ नव्हता. इथे वस्ती होती. सुमारे 400 घरं विकत घेऊन पाडली, तेव्हा कुठे खालची जमीन हाती लागली. त्या मोहल्ल्यातलं इ.स. 1000 च्या सुमाराचं पवित्र प्रेषितांचं चर्च तेवढं राखलं. भग्नावशेष बघायला आलेल्या माणसानं हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याला जे दिसतंय, त्यासाठी कुणाचं तरी अंगण गेलेलं आहे.

साडेआठ

पहिलं माप सीमेच्या दगडापासून. इ.स.पू. 500 च्या आसपासचा हा संगमरवरी खांब कमरेपेक्षा जरा उंच आहे आणि त्यावरची अक्षरं कडेकडेनं कोरलेली आहेत. मी अगोराची हद्द आहे, असं तो दगड स्वतःच बोलतो. हद्द उगाच आखलेली नव्हती. आईबापांना छळणाऱ्याला, रणातून पळ काढणाऱ्याला आत पाऊल टाकायची बंदी होती.

या दगडाला खेटूनच एका छोट्या घराचा पाया आहे. उत्खननात इथे चपलांना मारायचे लोखंडी खिळे आणि वादीसाठीची हाडाची कडी ढिगानं सापडली. शेजारी एका काळ्या पेल्याची बैठक मिळाली, तिच्यावर 'सिमोनचा' एवढंच खरवडलेलं. सिमोन नावाचा चांभार सॉक्रेटिसचा मित्र होता आणि त्याच्या दुकानात होणारी बोलणी टिपून ठेवायचा, असं जुने ग्रंथकार सांगतात. हे घर त्याचंच, याची शपथ कुणी घेणार नाही. पण खिळे, पेला आणि जागा तिन्ही जुळतात. पट्टीचं एक टोक सीमेच्या दगडाला लावून मी दुसरं टोक घेऊन निघाले, तर चार पावलांत दुकानाच्या भिंतीशी पोहोचले.

सर तिथेच थांबवून झेनोफनची आठवण करून देतात. कोवळ्या वयाच्या मुलांनी अगोरात फिरणं प्रशस्त मानलं जात नसे, म्हणून सॉक्रेटिस त्यांना भेटायला अगोराजवळच्या कारागिरांच्या दुकानात जाऊन बसे. एवढं ऐकल्यावर त्या पायाकडे नुसता पाया म्हणून बघताच येईना. ज्याला अजून आत जायचा अधिकार नाही, त्याचं शिक्षण इथे, हद्दीच्या कडेला झालं. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची कितीतरी प्रकरणं अशा, चामड्याच्या वासात, खिळ्यांच्या ढिगाशेजारी सुरू झाली असतील.

पुढे थोलोस. गोल इमारत, व्यास अठरा मीटरच्या थोडा वर. पाचशे जणांच्या सभेतले पन्नास सभासद आळीपाळीनं इथे जेवत आणि त्यातले काहीजण रात्री मुक्कामाला राहत, म्हणजे शहरावर काही संकट आलं तर जबाबदार माणूस जागेवर हवा. मागेच त्या सभेचं सभागृह. समोर दहा वंशनायकांच्या पुतळ्यांचा लांबट चौथरा. नव्या कायद्यांचे मसुदे, सैन्यात कुणाचा नंबर लागला त्याच्या याद्या, हे सगळं त्या चौथऱ्यावर लागायचं आणि लोक येऊन वाचायचे.

शेवटचं माप मात्र पट्टीनं घेता येत नाही. मध्ये पिरेयसची रेल्वे आडवी येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा मार्ग शहरात पुढे नेताना अगोराची उत्तर बाजू कापली गेली. बारा देवांची वेदी, जिच्यापासून शहराची अंतरं मोजत, तिचा बराचसा भाग आजही रुळांखाली आहे. रुळांपलीकडे राजओवरी. ती 1970 मध्ये सापडली, आणि इतक्या गाजलेल्या वास्तूच्या मानानं फार लहान आहे. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवरच्या आरोपाची नोंद इथल्या अधिकाऱ्यापुढे झाली. आम्ही नकाशावरून अंतर काढलं. चांभाराच्या दुकानापासून इथपर्यंत सरळ रेषेत दोनशे मीटरही भरत नाहीत.

दोघी जरा वेळ कागदाकडे बघत राहिलो. ज्या माणसानं आयुष्यभर या चौकात लोकांना प्रश्न विचारले, त्याच्यावर खटला भरणारे, न्याय देणारे आणि त्याच्याशी रोज बोलणारे, सगळे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात होते. ओळखदेख नसलेल्या सत्तेनं त्याला मारलेलं नाही. हे पुस्तकात वाचलं होतं, पण आज ते अंगावर आलं.

साडेदहा

हेफेस्टसच्या देवळाच्या सावलीत पाणी. इतकं धड उभं असलेलं डोरिक देऊळ ग्रीसमध्ये शोधून सापडायचं नाही, कारण शतकानुशतकं ते चर्च म्हणून वापरात राहिलं. भोवती डाळिंबाची झाडं आहेत. 1930 च्या दशकात डोरोथी बर थॉम्पसन यांना देवळाच्या बाजूंना खडकात खोदलेले खड्डे ओळीनं सापडले, खांबांच्या रांगेशी जुळणारे, आणि आत फुटक्या कुंड्या. म्हणजे देवळाला बाग होती. त्याच खड्ड्यांचा माग धरून डाळिंब आणि मर्टल पुन्हा लावली.

साडेअकरा

अटालोसची ओवरी. दिवसाचा माझा आवडता तास. 116 मीटर लांब, दुमजली, मागे दोन्ही मजल्यांवर एकवीस-एकवीस दुकानं. आज उभी आहे ती 1950 च्या दशकात पुन्हा बांधलेली. रॉकफेलरांनी पैसा दिला. नवीन बांधणं योग्य की नाही, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. मला ते योग्य वाटतं. इ.स. 267 मध्ये हेरुली टोळ्यांनी शहर जाळल्यावर लोकांनी पडक्या इमारतींचे चिरे, खांबांचे तुकडे, नक्षीची डोकी रचून घाईनं तट उभारला आणि त्यात या ओवरीचं उत्तर टोक छपरापर्यंत शाबूत राहिलं. त्यामुळे उंचीचा अंदाज बांधावा लागला नाही. शिवाय भर दुपारी त्या खांबांमधून वारा वाहतो, तेव्हा ओवरी कशासाठी बांधत, हे नुसता पाया बघून कधीच कळलं नसतं.

अटालोस हा पर्गामोनचा राजा, आजच्या तुर्कस्तानातला. तरुणपणी तो अथेन्समध्ये कार्नेआडेस या तत्त्ववेत्त्याकडे शिकल्याचं सांगतात. म्हणजे परदेशी विद्यार्थीच. पुढे राजा झाल्यावर त्यानं शहराला ही ओवरी दिली आणि खांबांवरच्या तुळईवर आपलं नाव, आईबापांच्या नावासकट, कोरून घेतलं. त्याचे तुकडे ओवरीसमोर मांडले आहेत. तिथे मी सरांना कार्ल्याच्या चैत्यगृहाबद्दल सांगितलं. तिथल्या खांबांवरही दात्यांची नावं आहेत, आणि त्यांतले कितीतरी दाते धेनुकाकट गावचे यवन आहेत. ग्रीक वंशाचे की नुसते त्या नावानं ओळखले जाणारे, याचा वाद वेगळा. पण सह्याद्रीच्या कातळात 'यवनानं दिलेला खांब' असं ब्राह्मीत कोरलेलं मी स्वतः बोटानं चाचपलेलं आहे. सरांनी वही काढून नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, "संध्याकाळी वर्गात हे तूच सांग."

आत संग्रहालय. न्यायालयातली मतदानाची कांस्याची चकती मी निवडून तिचं चित्र काढलं. चकतीच्या मधोमध छोटा दांडा असतो. पोकळ दांडा म्हणजे फिर्यादीला मत, भरीव म्हणजे आरोपीला. न्यायसभासदाला दोन्ही चकत्या मिळत, आणि अंगठा व बोट दांड्याच्या दोन टोकांवर दाबून तो त्या घेऊन जाई, म्हणजे कुठली कुठे टाकली ते शेजाऱ्याला दिसू नये. मी पेन्सिल तशी धरून पाहिली. गुप्त मतदानाची सगळी अक्कल त्या दोन बोटांत आहे.

शेजारी पाण्याचं घड्याळ. आपल्या घटिकापात्रात पाणी आत शिरतं, इथे मडक्याच्या बुडाजवळच्या नळीतून बाहेर पडतं. साधारण सहा मिनिटांत मडकं रिकामं आणि वक्त्याची वेळ संपली. मग खापरं. शहराला डोईजड झालेल्या पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करायचं तर खापरावर त्याचं नाव लिहून टाकायचं. अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसच्या नावाची 190 खापरं एकदम सापडली, आणि अक्षर तपासलं तर ती फक्त 14 हातांनी लिहिलेली. कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवली होती. निवडणुकीच्या काळात महाराष्ट्रात वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

दोन

घरी. मसुराचं सूप, पाव, ऑलिव्ह. तीन ते साडेपाच इथे शांततेची वेळ. त्या वेळात जिन्यातही कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी झोपते.

सहा

वर्ग. सगळ्या जोड्यांची अंतरं फळ्यावर मांडली. मग मी कार्ल्याबद्दल बोलले, आधी अडखळत, नंतर बरी. सरांनी त्याला जोडून स्ट्रेबोमधला तो उतारा काढला. ऑगस्टसकडे आलेल्या भारतीय वकिलातीबरोबर बार्गोसाचा, बहुधा भरूचचा, एक माणूस होता. ग्रीक त्याला झार्मानोखेगास म्हणतात. त्यानं अथेन्समध्ये अंगाला तेल लावून, हसतमुखानं, स्वतःला चितेत घातलं. त्याच्या थडग्यावर नाव-गाव कोरलं होतं, आणि पुढे शंभरेक वर्षांनीही लोक ते 'भारतीयाचं थडगं' म्हणून दाखवत, असं प्लुटार्क लिहितो. वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्या माणसाच्या चितेपेक्षा त्याचा प्रवास जवळचा वाटला. तो भरूचहून निघाला होता.

साडेसात

भारतात दहा वाजलेले असतात. आईचा फोन.

"काय गं, जेवलीस का?"

"इथे अजून उजेड आहे, आई. नऊला जेवतात."

मग दिवसभरात काय काय पाहिलं ते सांगितलं. सभा, न्यायालय, मतदान. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बायका? बायका कुठे होत्या गं तिथे?"

खरं उत्तर असं की मत द्यायला नव्हत्या, सभेत नव्हत्या, न्यायालयात नव्हत्या. गुलाम आणि बाहेरगावाहून येऊन राहिलेले लोकही नव्हते. अॅरिस्टॉटलसारखा माणूस अथेन्समध्ये अर्धं आयुष्य घालवूनही परकाच राहिला. पण बायका चौकात होत्या. पाव विकणाऱ्या होत्या, हार विकणाऱ्या होत्या. आणि पाण्यावर येणाऱ्या होत्या. अगोराच्या आग्नेय कोपऱ्यात, त्या जुन्या चर्चशेजारी, इ.स.पू. सहाव्या शतकातल्या पाणवठ्याचा पाया आहे. त्या काळच्या घागरींवर पाणी भरणाऱ्या बायकांची चित्रं रंगवलेली आहेत, डोक्यावर घागर, एकमेकींशी बोलताना. आमच्या यादीत तो पाणवठा नव्हता. सकाळी आम्ही त्याच्या बाजूनं गेलो आणि कुणीच थांबलं नाही.

आईला म्हटलं, "होत्या. उद्या बघून सांगते."

दहा

वही पुरी करते. आजच्या तक्त्यात खाली एक ओळ जास्तीची आखली: पाणवठा ते सभागृह, पाणवठा ते राजओवरी, पाणवठा ते सीमेचा दगड. पुढचा रकाना मोकळा. जोडीदाराला निरोप पाठवला की उद्या फाटक उघडताच आग्नेय कोपऱ्यातून सुरुवात करू, सरांना मी विचारते. तिचं उत्तर लगेच आलं: पट्टी तिच्याकडेच आहे, आणि पाणी भरून घर गाठायला त्या बायकांना चढ किती पडत असे, तेही मोजायचंय.