इंजिनाचा घसा आणि बिरसीची हवा

बाहेर २७ अंश तापमान असताना, भर श्रावणात, विमानाच्या इंजिनात बर्फ धरू शकतो. गोंदिया जिल्ह्यासारख्या मुलखात तर हे नीट लक्षात ठेवायला हवे. धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, मालगुजारी तलाव आणि बोड्या काठोकाठ, आणि वरून झड लागलेली. अशा हवेत पाणी भरपूर असते, आणि कार्ब्युरेटरला हवेतले पाणी सोसत नाही.

याच जिल्ह्यात कामठ्याजवळच्या बिरसीला इंग्रजांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, धावपट्टी बांधली. सार्वजनिक बांधकाम खाते, मग एमआयडीसी असा प्रवास करत २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली एनएफटीआय ही वैमानिक घडवणारी संस्था इथे चालते. तिच्या ताफ्यात ऑस्ट्रियातल्या डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही छोटी विमाने आहेत. गाडीचा पिकअप वाढवू पाहणारे शौकीन ‘कार्ब्युरेटर ठेवू की एफआय (पेट्रोलचे इंजेक्शन) बसवू’ यावर रात्र रात्र वाद घालतात. त्या प्रश्नाचा खरा कस अशा छोट्या विमानात लागतो.

कार्ब्युरेटरची करामत साधी आणि सुंदर आहे. इंजिन हवा ओढते, ती अरुंद घशातून जाताना वेग घेते, तिचा दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून आपोआप वर खेचले जाते. पंप नको, वायर नको. पण पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने, फक्त इथे सगळे क्षणार्धात घडते. घशातले तापमान तीसएक अंशांनी उतरू शकते. मग हवेतली वाफ गोठते, थ्रॉटलच्या झडपेवर बर्फाचा थर चढतो आणि इंजिनाचा श्वास कोंडायला लागतो.

हे कळते कसे? स्थिर पात्यांच्या पंख्याचे विमान असेल तर हळूहळू आरपीएम उतरतात. इतके हळू, की नवखा विद्यार्थी थ्रॉटल थोडा पुढे सारतो आणि विसरून जातो. धोका तिथेच आहे. उपाय म्हणजे कार्ब हीटची मूठ पूर्ण ओढायची. सायलेन्सरभोवती तापलेली हवा आत येते आणि बर्फ वितळतो. पण वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये जाते, म्हणून पहिली काही सेकंदे इंजिन आणखी बिघडल्यासारखे धडधडते. घाबरून मूठ परत आत ढकलण्याचा मोह होतो, आणि तोच टाळायचा असतो. थांबले की आरपीएम वर येतात. छोट्या विमानांच्या शिक्षणात मनाच्या स्थैर्याची इतकी चोख परीक्षा घेणारी दुसरी मूठ क्वचितच असेल.

आता याच गारव्याची दुसरी बाजू. गार हवा घट्ट असते, घट्ट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून ताकदही जास्त. रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी मर्लिन इंजिनासाठी कार्ब्युरेटर निवडला तो मागासलेपणाने नव्हे. सुपरचार्जरच्या तोंडाशीच पेट्रोलची वाफ झाली की मिश्रण गार होऊन शक्ती वाढते, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. जर्मनांच्या डाइमलर-बेंझ ६०१ मध्ये थेट सिलिंडरात इंजेक्शन होते. दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढाईत हे इंजिन असलेले मेसरश्मिट नाक खाली करून सूर मारी. मागून मर्लिनवाले स्पिटफायर तसाच सूर मारायला गेले की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उसळे आणि इंजिन खोकून बंद पडे. १९४१ मध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिआट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाचे भोक असलेली छोटी चकती बसवून तो खोकला बराचसा आटोक्यात आणला. या बाई ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकलवरून ताशी शंभर मैलांच्या वर गेलेल्या. इंजिन त्यांना कागदावरूनच नव्हे, हँडलवरूनही कळत होते.

मग इंजेक्शन. डीए-४० हे एकच विमान दोन्ही तऱ्हांनी बनलेले आहे: एका प्रकारात लायकमिंगचे कार्ब्युरेटरवाले ओ-३६०, दुसऱ्यात इंजेक्शनचे आयओ-३६०. दोन्हींची ताकद १८० अश्वशक्ती. ‘इंजेक्शन म्हणजे जास्त दम’ असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आणखी एक: लायकमिंगच्या या इंजेक्शनमध्ये ना संगणक, ना सेन्सर. सगळे यांत्रिक. इंजिनाच्या माथ्यावर एक छोटी गोल डबी असते, तिच्यातून चार बारीक नळ्या चार सिलिंडरांकडे जातात, आणि प्रत्येकीच्या टोकाला मिलिमीटरपेक्षा लहान छिद्राचा नोझल असतो. एखादा नोझल चोंदला असा संशय आला तर मेकॅनिक चारही नोझल काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतो, पंप चालू करतो आणि थोड्या वेळाने बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहतो. ज्या बाटलीत पेट्रोल कमी, तो नोझल गुन्हेगार. कार्ब्युरेटरला चारही सिलिंडरांत असे सारखे वाटप कधी जमत नाही. कुणाला जास्त, कुणाला कमी मिळते. इंजेक्शनचा मोठा फायदा मला तरी तोच वाटतो.

पण वैशाखात, विदर्भात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा याच गोल डबीचा घात होतो. उड्डाण करून विमान उतरले, इंजिन बंद केले, की वारा थांबतो आणि सिलिंडरांची धग वर चढते. बारीक नळ्यांतले पेट्रोल उकळून वाफ होते. अर्ध्या तासाने स्टार्टर मारला तर इंजिन नुसते फिरते, पेटत नाही. मग मिश्रणाची लाल मूठ बंद ठेवून, थ्रॉटल अर्धा उघडून स्टार्टर दाबायचा, आणि इंजिनाने पहिला हुंकार दिला की लाल मूठ हळूच पुढे न्यायची. हाताला सवय लागेपर्यंत घाम फोडणारे काम आहे.

म्हणून मला बिरसीसाठी निवड अवघड वाटत नाही. या इंजेक्शनचा सर्वात छळणारा त्रास जमिनीवर होतो, जिथे आपण उतरून सावलीत उभे राहू शकतो. कार्ब्युरेटरचा त्रास हवेत होतो. विमानाला रस्त्याची कड नसते.

गाडीला ती असते, आणि म्हणूनच रस्त्यावर निवड मोकळी राहते. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली, तेव्हा इंजेक्शन हीच तिची मिरवण्याची गोष्ट होती. २००९ मध्ये कंपनीने तेच इंजिन कार्ब्युरेटरवर आणले. ताकद थोडी वाढली, किंमत उतरली, आणि गावोगावच्या मिस्त्रीला ते स्क्रू-ड्रायव्हरने ट्यून करता येऊ लागले. अमेरिकेच्या नॅस्कार शर्यतींतही वरच्या गटात २०११ पर्यंत कार्ब्युरेटरच धावत होते. भारतात नव्या गाड्यांपुरता हा वाद १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियमांनी बहुतांशी मिटवला, तो वेगाच्या नव्हे, धुराच्या मुद्द्यावर.

डीए-४२ ची कथा आणखी पुढची. त्याच्या एनजी प्रकारातले ऑस्ट्रो इंजिन मुळात मर्सिडीजच्या मोटारीतले दोन लिटरचे डिझेल आहे. ते जेट इंधनावर चालते, त्यामुळे शिसे घातलेल्या विमानी पेट्रोलची गरज उरत नाही. कार्ब हीट नाही, लाल मूठ नाही, सगळा कारभार संगणकाकडे. इथे मात्र माझ्या वरच्या हिशेबाला पुरवणी जोडावी लागते. २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे याच जातीच्या, पण आधीच्या बनावटीच्या टिलर्ट इंजिनांच्या डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज देऊन इंजिने सुरू केली. उड्डाणानंतर चाके वर घेताना विजेचा दाब कोसळला, दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम गप्प झाले आणि दोन्ही पंखे थांबले. माणसे वाचली. त्यानंतर संगणकांसाठी वेगळ्या राखीव बॅटऱ्या आल्या.

जुन्या गाडीत एफआय बसवायला निघालेल्या तरुणाने ईसीयूची, म्हणजे इंजेक्शनच्या संगणकाची, जाहिरात वाचण्याआधी म्हणूनच बॉनेट उघडून अल्टरनेटर किती अँपिअर देतो ते पाहावे, बॅटरीचे अर्थिंग घासून घट्ट करावे, आणि टाकीकडे परतीची पेट्रोल नळी टाकायला जागा आहे का ते तपासावे. ती नळी असली की पेट्रोल सतत फिरत राहते आणि मे महिन्यातही वाफ धरत नाही. या तीन गोष्टी जमणार नसतील तर कार्ब्युरेटर उतरवून नीट धुवावा, फ्लोटची पातळी लावावी, जेट बदलावेत आणि गाडी खुशाल पळवावी.