सिमेंटचे सात दिवस, डासाचे सात दिवस

परभणी जिल्ह्यातल्या बोरीत एखाद्या घराचा स्लॅब टाकून झाला की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घरातलं कुणीतरी पाइप घेऊन वर चढतं. गवंड्याने ओल्या वाळू-सिमेंटच्या बारीक मेरा घालून स्लॅबवर वाफे करून दिलेले असतात, अगदी कांद्याच्या रानात करतात तसे. त्या वाफ्यांत दोन-तीन बोटं पाणी उभं ठेवायचं. जिंतूर तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही, तरी स्लॅबचं पाणी कुणी चुकवत नाही. ते योग्यच आहे, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नसतं, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. सिमेंटच्या प्रत्येक कणाभोवती एक नवाच पदार्थ वाढत जातो, तो वाळू-खडीच्या फटींत शिरतो आणि सगळ्यांना एकमेकांत बांधून टाकतो. मध्येच पाणी संपलं की ही वाढ थांबते. म्हणून काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात, आय. एस. ४५६ मध्ये, साध्या सिमेंटला किमान सात दिवस सतत ओल हवी असं म्हटलं आहे. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर दहा. सातव्या दिवशी काँक्रीटमध्ये अठ्ठाविसाव्या दिवसाच्या ताकदीपैकी साधारण दोन-तृतीयांश ताकद आलेली असते.

आता त्याच वाफ्यात रात्री काय घडतं ते पाहा.

ॲनोफेलिस स्टीफेन्सी नावाची डासाची मादी अंधार पडल्यावर स्वच्छ, संथ पाणी शोधत येते. गटाराकडे ती सहसा फिरकत नाही. तिला विहीर चालते, गच्चीवरची टाकी चालते, बांधकामाचा हौद चालतो आणि क्युरिंगसाठी स्लॅबवर उभं केलेलं पाणीही चालतं. ती एकेक अंडं सुटं सुटं पाण्यावर सोडते, आणि प्रत्येक अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवा भरलेले इवलेसे तरंगे असतात. दोनेक दिवसांत अळी बाहेर पडते, चार वेळा कात टाकते, मग कोष होते, आणि कोष फाटून डास पाण्याच्या पृष्ठभागावर उभा राहतो. उबदार हवेत या सगळ्याला सात ते दहा दिवस पुरतात.

सिमेंटला पक्कं व्हायला जेवढं पाणी आणि जेवढे दिवस लागतात, जवळपास तेवढेच डासाला मोठं व्हायला लागतात. हा मेळ कुणी ठरवून घातलेला नाही. एकीकडे कॅल्शियम आणि सिलिका यांचं रसायन, दुसरीकडे लाखो वर्षं जुना एक कीटक, आणि दोघांचं वेळापत्रक एकाच स्लॅबवर जुळतं! मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर पावसाळ्यात हिवताप का फोफावतो, याचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे. उरलेलं अर्धं माणसांत आहे, आणि ते जास्त थक्क करणारं आहे.

त्यासाठी १८९७ सालात जावं लागेल. तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर डास चिरून पाहत होते. हुसेन खान नावाच्या एका तापाच्या रुग्णाला ते मच्छरदाणीत डास चावून घ्यायला लावत आणि दर डासामागे एक आणा देत. २० ऑगस्टला, चार दिवसांपूर्वी रक्त प्यायलेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. तसले कण हिवतापाच्या रक्तातच सापडतात. दुसऱ्या दिवशी उरलेला डास उघडला, तर त्यातल्या पेशी कालच्यापेक्षा मोठ्या निघाल्या. म्हणजे त्या वाढत होत्या. डासाच्या पोटात काहीतरी जिवंत होतं आणि दिवसागणिक मोठं होत होतं. या कामाबद्दल रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं.

ती वाढ पुरी व्हायला उष्ण हवेत साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांनी परजीवी डासाच्या लाळेत पोचतो. डास त्याआधी मेला तर साखळी तुटते. साईटवर जन्मलेला डास निरोगीच असतो. त्याला आधी हिवतापाचं रक्त मिळावं लागतं, मग तो दहा-बारा दिवस जगावा लागतो, आणि मग त्याला दुसरा माणूस सापडावा लागतो. एवढ्या अटी पाहिल्या की हा आजार पसरतो तरी कसा, असा प्रश्न पडतो.

तो पसरतो, कारण बांधकाम माणसांना एकत्र आणतं. आसामलगतच्या दुआर भागातल्या चहामळ्यांतला हिवताप अभ्यासून ख्रिस्तोफर्स आणि बेंटली या दोन डॉक्टरांनी १९०९ च्या मुंबईतल्या वैद्यकीय परिषदेत नेमकं हेच मांडलं होतं: दूरदूरच्या मुलखांतून मजूर एका जागी गोळा झाले की त्यांच्या रक्तातले निरनिराळे परजीवीही तिथे गोळा होतात, आणि ज्यांच्या अंगात त्या वाणाविरुद्ध ताकद नाही अशी नवी माणसं रोज भरती होत राहतात. डास तेच, पाणी तेच. माणसांच्या येण्याजाण्याने तापाला जोर चढतो. आजच्या एखाद्या बारा मजली इमारतीखाली पत्र्याच्या खोल्यांची रांग बघा. जिंतूरचा बिगारी, झारखंडचा सेंट्रिंगवाला, बंगालचा फरशीवाला आणि ओडिशाचा सळ्या बांधणारा तिथे एकाच रांगेत झोपतात. शंभर वर्षांपूर्वीचं ते निरीक्षण शब्द न बदलता लागू पडतं.

बेंटली यांनीच १९११ साली मुंबईतल्या हिवतापावर अहवाल लिहिला. बंदरात तेव्हा अलेक्झांड्रा डॉकचं, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकचं, प्रचंड काम चालू होतं. त्यांनी शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा धर्मकृत्यांसाठी विहिरीचंच पाणी लागणाऱ्या लोकांनी कडाडून विरोध केला, त्यावर तडजोडी निघाल्या. आज विहिरींची जागा टाक्यांनी घेतली आहे, डास मात्र तोच आहे. २०१० साली मुंबईत हिवतापाचे ७५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि १४५ माणसं दगावली. आणि हा आपला शहरी डास आता आफ्रिकेत पोचला आहे: २०१२ मध्ये तो जिबुतीत सापडला, पुढे इथिओपियात शिरला. तिकडचे जुने डास मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या डबक्यांतले, त्यामुळे शहरं तुलनेने वाचायची. स्टीफेन्सीने तो दिलासा काढून घेतला. २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात हिवतापाची साथ आली, तिच्यामागे हाच डास निघाला.

बांधकामावरची साथ कशी मोडायची याचा सगळ्यात जवळचा धडा मात्र गोव्यात आहे. पणजीत १९८६ मध्ये हिवतापाचा उद्रेक झाला. गोव्यात तोवर हा आजार नगण्य होता. शहरात इमारती उठत होत्या, बाहेरून मजूर येत होते. संशोधकांनी पाण्याचे साठे एकेक करून तपासले तेव्हा विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांबरोबरच बांधकामाचे हौद आणि क्युरिंगचं पाणीही अळ्यांनी भरलेलं सापडलं. त्यांनी हौदांत अळ्या खाणारे स्थानिक लहान मासे सोडले, अळ्यांनाच मारणारे जिवाणू पाण्यात टाकले. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते दुसरंच पाऊल. गोव्याने सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली मजुरांची रक्त तपासणी आणि आरोग्यपत्रक सक्तीचं केलं, आणि त्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली. ताप असलेल्याचंच रक्त घ्यायचं असं नाही, वस्तीतल्या सगळ्यांचं घ्यायचं, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा घ्यायचं.

सगळ्यांचं का? कारण ज्याच्याकडून डासाला परजीवी मिळतो तो माणूस अंथरुणाला खिळलेलाच असतो असं नाही. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात डासाला लागणारी अवस्था रक्तात फार लवकर उतरते, कधी कधी ताप कळायच्याही आधी. फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीत ती आठवडाभरानंतर येते आणि ताप उतरल्यावरही राहते. सकाळी घमेलं उचलून हसतखेळत कामाला लागलेला माणूस रात्री डासाला आजार देत असू शकतो. त्याचा यात काडीचाही दोष नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण साथ आली की शहर पहिलं बोट मजुराकडे दाखवतं. त्याला आजार अनेकदा शहराच्याच साठलेल्या पाण्यातल्या डासाने दिलेला असतो.

साईटवर डास शोधणं हे पाहण्यासारखं कसब आहे. कीटकनाशक विभागाचा माणूस लांब दांड्याचा पांढरा डाव पाण्यात तिरका बुडवतो, हळूच वर घेतो आणि उन्हात धरतो. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली असेल तर ॲनोफेलिस. डोकं खाली करून शेपटाकडच्या नळीने लटकली असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. असा पाचेक सेकंदांचा फरक, आणि त्यावरून हिवतापाची तयारी करायची की डेंग्यूची हे ठरतं. लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात, रिकाम्या रंगाच्या डब्यात, ताडपत्रीच्या घडीत साठलेलं पाणी, सगळीकडे हा डाव फिरतो.

उपाय मग त्या सात दिवसांच्या गणितातूनच निघतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस. सातवा दिवस उजाडायच्या आत हौद, टिपाड, बादल्या रिकाम्या करायच्या. स्लॅबचं काय? वाफ्यांतलं पाणी सोडून द्यायचं आणि ओली बारदानं अंथरून त्यांवर पाणी मारत राहायचं. काँक्रीटला ओल मिळते, अळीला मात्र पोहायला पाणी उरत नाही. खांबांना आपले गवंडी बारदान गुंडाळतातच, तीच रीत वर न्यायची. टिपाड मात्र नुसतं पालथं करून भागत नाही. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या कडेला, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात; पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने आतली बाजू खसखसून घासायची. मच्छरदाणी हवीच, कारण ॲनोफेलिस रात्री चावतो आणि साईटवरचा मजूर रात्री साईटवरच असतो.

साईटवरच्या पोटाच्या आजारांचं गणित वेगळं, ते दिवसांत नाही, अंतरात मोजता येतं. खंडाळ्याच्या बोरघाटात रेल्वेचं काम चालू असताना, १८६१ च्या सुमारास, तिथे चाळीस हजारांवर मजूर होते, आणि कॉलरा व तापांनी त्यांतले किती गेले याची मोजदाद धड झाली नाही. ठेकेदार सोलोमन ट्रेडवेलसुद्धा आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. पुढचं काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने तडीस नेलं. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पुढे एक लहानसं कलम आलं: पिण्याच्या पाण्याची जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारीपासून आणि संडासापासून सहा मीटरच्या आत नसावी. कायद्याच्या भाषेत तो एक आकडा आहे, पण बोरघाटातल्या मजुराला तेवढाही मिळाला नव्हता.

आता पुन्हा माणसाच्या रक्ताकडे, कारण हिवतापाची सगळ्यात अजब गोष्ट तिथे राहिली आहे. व्हायवॅक्सचे काही परजीवी लगेच रक्तात उतरत नाहीत. ते यकृताच्या पेशीत शिरतात आणि निपचित पडून राहतात, आठवडे, कधी कित्येक महिने. या झोपलेल्या अवस्थेचा पक्का पुरावा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला, म्हणजे रॉस यांच्या शोधानंतर ऐंशीहून जास्त वर्षांनी. पुण्याच्या साईटवर पावसाळ्यात डास चावलेला तरुण जूनमध्ये पेरणीला बोरीत परततो. कित्येक महिन्यांत त्याला डोकेदुखीही झालेली नसते. आणि एका दुपारी, कुठलाही नवा डास न चावता, त्याला हुडहुडी भरते.

तापाची गोळी तीन दिवसांची असते. क्लोरोक्विनने रक्तातला परजीवी मरतो, ताप जातो, माणूस उठून कामाला लागतो. यकृतातल्या झोपलेल्यांना मारणारी प्रायमाक्विन मात्र चौदा दिवस घ्यावी लागते. ती गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्यांना तिने त्रास होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायची. चौदा दिवसांत मजुराची साईट बदलते, मुकादम बदलतो, जिल्हा बदलतो, आणि पाकिटातल्या पाच-सहा गोळ्या तशाच राहून जातात. म्हणून गावी आल्यावर ताप आला तर आशाताईला आधी हे सांगावं की गेल्या वर्षभरात आपण कुठल्या शहरात, कुठल्या कामावर होतो आणि तिथे ताप येऊन गेला होता का. तेवढ्या माहितीवर ती लगेच बोटातून रक्त घेईल, आणि निदान व्हायवॅक्सचं निघालं तर चौदाव्या दिवसापर्यंत गोळी गेली की नाही हे विचारायला दारात येईल.