साखळी, गुंठा आणि न सापडलेला ग्रह

वेल्ह्याकडे गाडी वळली की पाट्या सुरू होतात: 'गडाच्या पायथ्याशी प्लॉट, गुंठ्याच्या भावात'. हा गुंठा म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या मोजणीदाराची साखळी! मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा. त्यांना नाव 'आणे', म्हणजे रुपयाचा हिशेब थेट बांधावर. साखळी एकदा आडवी, एकदा उभी टाकली की ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. झाला गुंठा. असे चाळीस झाले की एकर. प्रिंगल साहेबाची मोजणी आधी सपशेल फसली होती. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडीने १८३५-३६ मध्ये इंदापुरातून नव्याने घडी बसवली. त्याआधी जमीन मोजायची काठीने, आणि काठी म्हणजे पाच हात पाच मुठी. हात कोणाचा, यावरच निम्मे तंटे होत असणार! आजचे गुंठामंत्री मात्र विंगेटचे नावही न घेता त्याच्याच मापावर गाड्या बदलतात.

राजगड-तोरणा ट्रेकला जाणाऱ्यांची गंमत वेगळीच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांत एक इंच म्हणजे एक मैल. हा सगळा मुलूख '४७ एफ' या चौकोनात येतो. त्याचे सोळा तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. तोरणा आणि वेल्हे ११ नंबरात, भोर गाव १६ नंबरात. राजगड? तो १८ अंश १५ मिनिटांच्या रेषेला अगदी चिकटून बसलाय, आणि रेषेच्या दक्षिणेला १२ नंबर सुरू. म्हणजे दोन गडांमधली ती प्रसिद्ध डोंगरधार चालायची तर दोन कागद शेजारी ठेवा.

इंग्रजी नकाशात 'भोर घाट' दिसला म्हणून भोरला जाऊ नका. तो खंडाळ्याचा बोरघाट, जिथून १८६३ मध्ये रेल्वे चढली. भोरचा घाट तो वरंधा, महाडला उतरणारा.

तालुक्यांच्या नावांतही किल्लेच. पंतसचिवांच्या भोर संस्थानात विचित्रगड (आपला रोहिडा), प्रचंडगड (आपला तोरणा), राजगड, सुधागड अशी तालुक्यांची नावे होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. सुधागड तालुका आज रायगड जिल्ह्यात आहे. राजगड हे नाव मात्र गेले ते २०२४ च्या निर्णयाने परतले, वेल्हे तालुक्याच्या नव्या नावाने.

मोजणीदारांच्या या गर्दीतला माझा लाडका माणूस म्हणजे विल्यम स्टीफन जेकब. लष्करी इंजिनिअर, १८३१ मध्ये मुंबईत उतरला आणि काही वर्षे त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राबला. दिवसा शिखरांचे कोन मोजून समाधान झाले नसावे, म्हणून १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटून रात्री जोडताऱ्यांचे कोन मोजू लागला. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथे १८५५ मध्ये त्याने जाहीर केले की '७० ऑफियुची' या जोडताऱ्याची चाल बिघडलेली आहे, तिथे ग्रह असावा! सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा तो बहुधा पहिलाच दावा. खोटा ठरला, पण विचार करा: ज्या काळात पुण्याला रेल्वे नव्हती, त्या काळात हा माणूस परक्या सूर्याभोवतीचा ग्रह शोधत होता.

नंतर डोंगरावरच्या स्वच्छ हवेत वेधशाळा उभारायची म्हणून तो विलायतेहून पुन्हा निघाला. पार्लमेंटने हजार पौंड मंजूर केले होते, नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतःच्या पैशाने घेतली होती. ८ ऑगस्ट १८६२ ला मुंबईत उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात वारला. पावसाळ्याचे दिवस; तारे तसेही दिसले नसते.

जाता जाता भोरजवळचे भाटघर. १९२८ मध्ये धरण झाले आणि वेळवंडीचे खोरे नकाशावर निळे झाले. पण मे महिन्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे देऊळ वर येते, आणि जिथे नकाशा पाणी दाखवतो तिथे लोक नारळ घेऊन चालत जातात.