लहान मोटारीचा टप वाढविताना

पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना मोटारगाडी नवीन नाही. कुणाच्या घरी प्रेस शॉपचा कामगार आहे, कुणाच्या घरी वेल्डर, कुणाचा मुलगा पेंट शॉपमध्ये कंत्राटावर लागला आहे. पण अख्खी गाडी कशी घडते, हे यांपैकी प्रत्येकाला सांगता येईलच असे नाही. जो तो आपल्या स्टेशनपुरता. दरवाजाचे नट आवळणाऱ्याला टपाची रेषा कुणी ठरविली, हे विचारायला सवड नसते. मग घरी मूल विचारते, "पप्पा, गाडी कशी बनवतात?" आणि उत्तर दोन वाक्यांत संपते.

हे उत्तर मोठे करणारा एक छंद आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. दोन दरवाजांच्या, लांब बॉनेटच्या एखाद्या दमदार मोटारीची छोटी प्रतिकृती घ्यायची, आणि कापून, जोडून, घासून तिची स्टेशन वॅगन करायची. खेळण्याचा खेळ होतो आणि टूल रूममधील विचारपद्धती घरच्या घरी शिकता येते.

आधी खरी गाडी पाहू

अमेरिकेत 1964 साली पॉन्टिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून जीटीओ विकायला काढली. तेव्हापासून अशा गाड्यांचा जोर वाढला आणि त्यांना 'मसल कार' हे नाव रूढ झाले. मसल म्हणजे स्नायू. नावातच ताकद आली. फोर्डची मस्टँगही 1964 मधलीच. त्याच दशकात इटलीच्या इंटरमेकानिका या कारखान्यात एका मस्टँगचा टप मागे वाढवून तिची वॅगन केली होती. फोर्डने ती कधी उत्पादनात घेतली नाही, पण कल्पना कागदावर न राहता पत्र्यात उतरली.

आपल्याकडे या घाटाची गाडी म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा. ती 1984 ते 2002 या काळात बंगालमधील उत्तरपाड्याला बनत असे. तिचा साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा, आणि तिकडे त्याच गाडीची वॅगनही निघत असे.

पण सर्वात जवळचे उदाहरण आपल्या पिंपरीचेच आहे. टेल्कोने 1988 मध्ये टाटा मोबाईल 206 हा पिकअप काढला. त्याच पायावर 1991 मध्ये तीन दरवाजांची सिएरा आली आणि 1992 मध्ये पाच दरवाजांची टाटा इस्टेट. इस्टेट म्हणजे स्टेशन वॅगनच. पुढे 1998 मध्ये इंडिका आली, 2002 मध्ये तिच्यापासून डिकीवाली इंडिगो निघाली, आणि 2004 मध्ये इंडिगोपासून इंडिगो मरिना ही वॅगन. तोवर, म्हणजे 2003 मध्ये, टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले होते. या गाड्या आता बनत नाहीत. पण एका गाडीतून दुसरी कशी काढतात याचा पाठ आपल्या वस्तीशेजारीच दिला गेला, हे ध्यानात ठेवावे.

माप हेच मूळ

प्रतिकृतीवर 1:24 असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीतील 24 मिलिमीटर. इंडिकाच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 2400 मिलिमीटर, इंडिगोचे 2450. कारखान्यात या 50 मिलिमीटरसाठी किती डोकी खपली असतील! प्रतिकृतीत तो फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. साधे हेक्सॉचे पाते कापताना जवळपास एक मिलिमीटर माल खाते, म्हणजे खऱ्या गाडीत 24. म्हणून करवत चालविण्याआधी पट्टी आणि पेन्सिल चालवावी. अगदी लहान, 1:64 मापाच्या गाडीने सुरुवात करू नये. तिथे एक मिलिमीटरची चूक 64 मिलिमीटरची होते.

गाडी बाजूने कागदावर काढावी. पुढचा भाग, दरवाजे, चाकांची जागा आणि काचेखालची कंबररेषा यांना शक्यतो हात लावायचा नाही. बदलतो तो फक्त वरचा मागचा भाग. उतरती मागची काच जाते, टप सरळ मागे नेला जातो, शेवटी एक खांब उभा राहतो आणि डिकीच्या जागी मागचा दरवाजा येतो. टप टोकाशी किंचित खाली उतरू द्यावा. अगदी सपाट ठेवला तर गाडी पेटीसारखी दिसते.

कापणे आणि जोडणे

प्लॅस्टिकची प्रतिकृती सोपी. धातूची असेल तर ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते; खालचे रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात आणि जोडाला दोन नळ्यांचा इपॉक्सी लागतो. प्लॅस्टिकही पारखून घ्यावे. स्टायरीन जातीचे प्लॅस्टिक विद्रावक गोंदाने एकजीव होते. बादली-डब्याचे पॉलिप्रॉपिलीन गोंद धरत नाही. न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी थेंबभर लावून पाहावे.

चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ मारावी. रेघेच्या थोडे बाहेरून कापावे आणि कानशीने रेघेपर्यंत यावे. फिटर माणसाला हे सांगायला नको: घासलेले पुन्हा जोडता येत नाही. नवा टप एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरीनच्या पत्र्याचा करावा. जोडाच्या आतून पट्टी चिकटवावी आणि टपाखाली आडव्या कमानी द्याव्यात. खऱ्या गाडीच्या टपाखालीही अशाच कमानी असतात. नाहीतर पत्रा दबतो. डाव्या बाजूचा पुठ्ठ्याचा नमुना कापून तोच उलटा करून उजवीकडे लावावा. दोन बाजू सारख्या झाल्या की अर्धी लढाई जिंकली. काचेसाठी खेळण्यांच्या वेष्टनातील पारदर्शक प्लॅस्टिक चालते, पण ते रंगानंतर बसवावे.

फटींत गॅरेजवाल्याची पुट्टी पातळ थरांनी भरावी. एकदम जाड भरली तर तडकते. सुकल्यावर 220, मग 400, मग 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून फिरवावा. त्यावर प्रायमरचा हात द्यावा. प्रायमर दोष झाकत नाही, उघडे करतो. दिसलेला खड्डा पुन्हा भरावा आणि मगच रंगाचे पातळ हात द्यावेत.

हे सारे दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे. कोरडी धूळ उडवू नये, तोंडाला फडके बांधावे. पाते आणि करवत मोठ्यांच्या हाती, कानस आणि पॉलिश पेपर मुलांच्या हाती. स्वयंपाकाच्या जागी रंग-गोंद नको, गॅसजवळ तर मुळीच नको.

यातून काय मिळते?

कुणी म्हणेल, ज्याच्या दारात सायकल आहे त्याने खेळण्यातल्या मोटारीचे लाड का करावेत? आम्हाला वाटते, त्यानेच करावेत. कंत्राटी कामगाराचे हात कारखान्याला दिसतात, डोके दिसत नाही. आणि हळूहळू घरच्यांनाही तसेच वाटू लागते. सुट्टीच्या दुपारी बाप जेव्हा रेघ मारून सांगतो, "इथून काप, तिथून नको," तेव्हा मुलाला बापाचे ज्ञान पहिल्यांदा डोळ्यांनी दिसते. ते ज्ञान पगाराच्या चिठ्ठीवर छापलेले नसते.

मुलीलाही या कामातून वगळू नका. नमुना बेतणे, माप घेणे, दोन बाजू जुळविणे हे शिलाईत आई रोजच करीत असते. पोलक्याचा बेत आणि टपाचा बेत यांतली बुद्धी एकच. दहावीनंतर आयटीआयचा अर्ज भरताना फिटर, ड्राफ्ट्समन, शीट मेटल, टूल अँड डाय मेकर ही नावे समोर येतात. ज्या मुलाने किंवा मुलीने एकदा मापात गाडी कापून जोडली आहे, त्यांना ती नावे कोरी वाटणार नाहीत. आपल्याला काय आवडते, काय जमते, हे त्यांना थोडे तरी ठाऊक असेल.

पहिली गाडी वाकडी होईल, होऊ द्या. ती टाकू नका. कपाटावर ठेवा आणि शेजारी दुसरीला जागा राखा. दोन्ही पाहून मूल स्वतःच सांगेल, फरक कुठे पडला.