'फार्मर'च्या पोटात किती शब्द?

इंग्रजीचा पेपर म्हटला की घरातल्या पोरांच्या पोटात गोळा येतो. शिकवणी लावायची तर पैसा हवा. पण रात्री जेवणे उरकल्यावर ओसरीवर एक खेळ मांडता येतो. त्याला पाटी आणि खडू पुरे.

पाटीवर 'फार्मर', म्हणजे शेतकरी, हा शब्द इंग्रजीत लिहायला सांगा. अक्षरे सहा: एफ, ए, आर, एम, ई, आर. यांतूनच नवे शब्द काढायचे. जे अक्षर जितक्या वेळा आहे, तितक्याच वेळा वापरायचे. आधी ए आणि ई हे स्वर धरा, मग त्यांच्या मागेपुढे बाकीची अक्षरे लावून पाहा. फार्म म्हणजे शेत, आर्म म्हणजे हात, रॅम म्हणजे मेंढा, मेअर म्हणजे घोडी. इयर म्हणजे कान. आणि धान्याच्या कणसालाही इंग्रजीत इयरच म्हणतात!

अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स यांनी असाच खेळ रचला. वर्तमानपत्रातील अक्षरे मोजून त्यांनी सोंगट्या ठरवल्या. ई सर्वांत जास्त लागते, म्हणून तिच्या १२. क्यू आणि झेडची एकेकच. १९४८ साली या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले.

आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. त्यांनी पंच व्हावे. अक्षरे जुळतात का ते पाहावे आणि शब्द खरा की खोटा, हे पोरांकडूनच शब्दकोशात शोधून घ्यावे. आणि हरणाऱ्याने सकाळी गोठा झाडावा!